रोजचं एक, आत्ताचं एक

"आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन," असं रंजना उभी राहून म्हणाली, तेव्हा मास्तर खडू टाकून दाराकडे धावले आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात करायला लागले.

"काय झालं मास्तर?" आम्ही घाबरून विचारलं.

"बाईला मुलं होतायत. आत्ता. दोन-दोन. दवाखान्यात नको न्यायला?"

रिक्षा खरंच थांबली. मग मास्तरांनी रिक्षावाल्याला समजावलं की बाईला मुलं आधीपासून आहेत, म्हणजे आय हॅव टू चिल्ड्रन. ती सकाळी असतात, संध्याकाळी असतात, शाळेत गेली तरी असतात, तेव्हा तुझी गरज नाही. रिक्षावाल्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. "सुबह सुबह दिमाग मत खाओ चाचा," म्हणाला आणि निघून गेला. रंजना ओढणी तोंडाला लावून हसत होती. ती चूक पुन्हा आमच्यापैकी कुणीही केली नाही.

हा वर्ग भिवंडीतल्या एका बंद कारखान्यात सकाळी सात ते आठ भरायचा. तिथले लूम भंगारात गेले होते. ते ज्या बोल्टांवर बसवलेले असत, ते बोल्ट मात्र जमिनीतून वर आलेले तसेच राहिले होते. आम्ही त्यांच्या मधे गोणपाटं टाकून बसायचो. नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास ठेचकाळायचा. मास्तर खाली न बघता त्यांतून फिरायचे, कारण याच कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं जॉबर म्हणून काढली होती. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. त्यांच्या खिशात अजूनही पाना असायचा. दोघांच्या उत्तरांच्या मधल्या वेळात ते वाकून एखादा रिकामा बोल्ट आवळायचे. त्यावर काही बसवलेलं नव्हतं, पुढेही बसणार नव्हतं.

"कशाला आवळता मास्तर?" मी एकदा विचारलं.

"ढिला दिसला की हात जातो," ते म्हणाले. "आता हेच इंग्रजीत सांग. साधा की चालू?"

वर्गात त्यांचं एवढंच एक दुकान होतं. साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ. भूतकाळ ते शिकवत नसत. "झालं ते झालं, त्याला पुस्तकं आहेत," म्हणायचे. भविष्यकाळावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी तिथे गेले ती इंग्रजीच्या प्रेमाने नाही. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा कामगारांच्या संघटनेत होते, आणि वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले, निबंध लिहिले. कागदावर छापलेलं वाचून माणूस उठतो, हे मला फार लवकर पटलं होतं, आणि आजही पटतं. भिवंडीलगतच्या काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या सह्या ज्या कागदांवर घेतल्या जात, ते इंग्रजीत असायचे. कॉलेज होऊनही ती इंग्रजी मला दबकायला लावायची. ती फोडून त्यावर पत्रक काढायचं, म्हणून मी त्या गोणपाटावर जाऊन बसले. बायका आल्या होत्या टीम लीडर व्हायला. गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या वर चढायचं, तर इंग्रजीत दोन ओळी लिहिता याव्या लागतात.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव पत्रकवाली ठेवलं.

"तुमच्या पत्रकात सगळं चालूच असतं," ते म्हणाले. "लढा चालू आहे, संघर्ष चालू आहे. बोट दाखव. कुठे चालू आहे?"

मी चिडले. म्हणाले, "बोट दाखवता येत नाही अशाही गोष्टी चालू असतात."

"मग त्यांना साध्यात टाक. मालक लुबाडतो. हे खरं. काल लुबाडत होता, उद्याही लुबाडेल, तू झोपलीस तरी लुबाडतो. याला बोट नको. पण चालू म्हटलंस की मला बोट पाहिजे."

मला तेव्हा ते पळपुटे वाटले. बाहेर एवढं काही घडत असताना हा माणूस क्रियापदाच्या शेपटाला लागणाऱ्या एका एस-साठी जीव टाकतो, याचा मला राग यायचा. आणि तरी दुसऱ्या दिवशी सातला मी हजर असायची.

इंग्रजी ते शिकले होते लूमच्या जुन्या माहितीपुस्तकांतून. परदेशी यंत्रांबरोबर आलेली ती पुस्तकं कारखान्यात कुणाला नको होती. त्यांत सगळं साध्या वर्तमानात असतं. धोटा इकडून तिकडे जातो. दोरा ताणला जातो. मास्तर म्हणायचे, यंत्राचं इंग्रजी मला आधी आलं, माणसाचं नंतर. दोन्हींतला फरक मात्र त्यांना मराठीतूनच कळला होता. कारागीर येऊन म्हणाला, "धागा तुटतो," तर ते चहा संपवून उठायचे. कुठला तरी भाग झिजलाय, निवांत बघू. "धागा तुटतोय," म्हणाला, तर ग्लास तसाच ठेवून पळायचे. "बोलताना चुकत नाही एकही माणूस," ते म्हणायचे. "यूपीवाला असो, आगरी असो. मग इंग्रजीत आलं की कुठे जाते अक्कल? सगळे आपले वर्किंग, वर्किंग, नोइंग, लाइकिंग."

लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. पण 'वर्क' आणि 'वर्क्स' यांतला एस ओठांवर दिसत नाही. त्यामुळे तोंडी उत्तरावर त्यांचा भरवसा नसे. प्रत्येकाला वही करावी लागे. त्यांचा नियम असा: रोज दोन वाक्यं. एक रोजचं, एक आत्ताचं. वर तारीख आणि वेळ. रोजचं वाक्य घरी लिहिलं तरी चालेल. आत्ताचं वाक्य मात्र ते जिथे घडतंय तिथेच उभं राहून लिहायचं, आणि डोळ्यांसमोर नसेल ते लिहायचं नाही. गेटवर फोन काढून घेतात, वही कुणी काढून घेत नाही. त्यामुळे बायका डब्याच्या पिशवीतून वही आत न्यायच्या आणि चहाच्या सुट्टीत खोक्यांवर ठेवून लिहायच्या. ट्रक इज कमिंग. माय बॅक इज पेनिंग, यावर मास्तरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'आय हॅव अ बॅकेक, आणि बाम लाव.'

खोटं वाक्य त्यांना वासावरून कळायचं. एका ड्रायव्हरने सलग चार दिवस 'आय गेट अप ॲट फाइव्ह' लिहिलं. पाचव्या दिवशी मास्तर पहाटे पाचला त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, उठवू नका, मी फक्त बघून जातो. मग वहीत शेरा आला: 'ही स्लीप्स.'

आता रंजनाचं सांगते.

रंजना काल्हेरच्या पलीकडच्या एका गावातली आगरी बाई. तीन वर्षं एकाच गोडाऊनमध्ये, एकाच ठेकेदाराकडे पॅकिंगला होती. तिने एक दिवस नेमणुकीचं पत्र मागितलं. दुसऱ्या दिवशी तिचं कार्ड गेटवर बंद. आम्ही कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार केली, तेव्हा ठेकेदाराने लेखी उत्तर दिलं: ही बाई फक्त दिवाळीच्या सीझनपुरती यायची, बाकी वर्षभर आमच्याकडे नव्हतीच. हजेरी त्याच्या ताब्यात, कार्डं रोज संध्याकाळी परत घेतलेली. रंजनाकडे कागद म्हणावा असा एकही नव्हता.

"वह्या आहेत की," मास्तर म्हणाले.

खरंच होत्या. तीन वर्षांच्या पाच वह्या. तारीख, वेळ, कुठला माल, कुठला ट्रक. मी त्या झेरॉक्स काढायला नेल्या आणि दुकानाच्या ओट्यावर बसून चाळायला लागले. एका वहीत, जून महिन्याच्या तारखांखाली, मला ती पानं सापडली.

त्यासाठी इथली बदलीची पद्धत सांगायला हवी. ती लूमपासून चालत आलीय. एखादीला जमलं नाही, की तिच्याच कार्डावर घरातली दुसरी बाई जाते. खाडा पडत नाही, कार्ड जिवंत राहतं. सुपरवायझरला ठाऊक असतं, तो बोलत नाही. त्याला खोकी भरलेली हवी असतात. रंजनाचा धाकटा मुलगा आजारी होता तेव्हा तिची नणंद जयू तिच्या कार्डावर गेली होती. रंजनाने घरी बसून वहीत लिहिलं, 'जयू इज वर्किंग ऑन माय कार्ड.' त्याखाली लाल शाई: 'तू घरी आहेस. ती काम करतेय हे तुला दिसतंय का?'

रंजना त्यावर भांडली होती, ते मला आठवत होतं. "अवो मास्तर, माझ्या कार्डावर गेलीय म्हंजे कामच करते ना ती. नाचाला गेलीय का?"

"मग तिलाच लिहू दे," मास्तर म्हणाले होते.

त्यामुळे पुढे बदलीच्या दिवशी वही जयूबरोबर जायला लागली. नववीपर्यंत शिकलेल्या जयूने वाकड्यातिकड्या अक्षरांत, तारीख-वेळ घालून, नऊ दिवस लिहिलं होतं. बहुतेक पानांवर नुसतं 'आय ॲम पॅकिंग.' पण पहिल्या पानावर जास्त होतं. आय ॲम जयू. आय ॲम पॅकिंग इन रंजनाज प्लेस. सुपरवायझर इज स्टँडिंग निअर मी. ही नोज.

शेवटच्या दोन शब्दांवर मास्तरांनी बरोबरच्या दोन खुणा केल्या होत्या. 'ही इज नोइंग' न लिहिणारी त्यांना बहुधा पहिलीच भेटली होती.

मी ते पान पुन्हा वाचलं. दुसऱ्याच्या कार्डावर काम! ठेकेदाराच्या हाती हे पडलं की रंजनाची तक्रार तिथेच संपली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते पान फाडलं. शिवलेली वही, एक पान निघालं तसं दुसऱ्या टोकाचं, रंजनाच्या अक्षरातलं, त्याचं जोडपानही सुटून हातात आलं. तेही ओढून काढलं. तिसरं ओढलं तेव्हा मधला दोरा सैल झाला आणि मी थांबले. हे मी स्वतःविषयी नीट सांगितलं पाहिजे: मला थांबवलं ते दोऱ्याने. नऊ पानं काढली तर वही खिळखिळी होईल आणि कळेल, एवढाच माझा विचार होता. फाडलेली पानं मी पत्रकांच्या फाइलमध्ये घातली आणि मास्तरांना गाठलं.

"जयूची पानं दाखवायची नाहीत," मी म्हणाले. त्यातलं एक पान आधीच गेलंय, हे बोलले नाही.

"का?"

"ती पानं रंजनाच्या विरुद्ध जातात."

"वाक्य खरं आहे का?"

"मास्तर, प्रश्न तुमच्या वाक्यांचा नाहीये. एका बाईच्या कामाचा आहे."

ते बोल्टांमधून येरझाऱ्या घालायला लागले. "मी त्यांना सांगितलं, दिसतं ते लिहा. त्यांनी लिहिलं. आता तू सांगतेस, यातलं बरं तेवढं दिसू दे."

"समोरचा सगळंच खोटं बोलतोय."

"म्हणून तर," मास्तर म्हणाले. "त्याला जमतं ते. आपल्याला नाही जमणार, पत्रकवाली. आपल्याकडे तेवढा सराव नाही."

रंजना दारात उभी राहून ऐकत होती, हे आम्हाला उशिरा कळलं. ती आत आली आणि वह्या उचलून पिशवीत घातल्या. "वही माझी हाय. तुमी दोघा कवापासून भांडताव, मना कोनी विचारला का?"

"मग काय करणार?" मी विचारलं.

"जयूला विचारीन. नाव तिचा हाय."

जयू तोवर त्याच ठेकेदाराकडे, स्वतःच्या कार्डावर लागली होती. पानं दाखवली तर ठेकेदार तिलाही काढील, हे रंजनाने तिला स्पष्ट सांगितलं. जयू भाकऱ्या थापत होती म्हणे. ती म्हणाली, "चोरी केली का मी? कामच केलाय ना? मंग दाव."

सुनावणीला ठेकेदाराचा माणूस वही चाळत बसला होता. 'जयू इज वर्किंग ऑन माय कार्ड' या ओळीवर आणि पुढच्या जयूच्या अक्षरांवर तो थबकला आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा साहेब. कार्ड हिचं, काम करतेय दुसरीच. जूनमध्ये. ही सरळसरळ फसवणूक आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "कार्ड हिचं होतं? जूनमध्ये?"

"हो ना साहेब."

"तुम्ही लिहून दिलंय की दिवाळीखेरीज ही तुमच्याकडे नव्हतीच."

त्या माणसाने वही मिटली. पुन्हा उघडली. मग पाणी मागितलं. आणखी दोन तारखा झाल्या आणि रंजना कामावर परत गेली. या वेळी हातात पत्र घेऊन. मी जी पानं लपवायला निघाले होते, त्यांनीच तिला आत नेलं होतं.

आठवडा झाला नसेल, जयूचं कार्ड गेटवर बंद झालं.

मी मास्तरांकडे तणतणत गेले. "झालं समाधान? तुमच्या खरेपणात जयू गेली."

जयूला घेऊन ते स्वतः कामगार कार्यालयात गेले आणि तिची तक्रार दिली. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: ही बाई पूर्वी दुसरीच्या कार्डावर आमच्या नकळत आत घुसायची, आम्हाला ठाऊक नव्हतं, कळल्यावर काढलं.

"ठाऊक नव्हतं?" मास्तर वर्गात येऊन म्हणाले. "पानावर आहे की. ही नोज. मी दोन खुणा केल्यात." त्यांनी रंजनाकडून वही मागवली, उभ्यानेच पानं उलटली, परत उलटली. "नऊ होती. आठच कशी?"

एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. कुणालाच काही माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते, तर ते पान हरवलंय असंच सगळ्यांनी धरलं असतं.

"मी फाडलं," मी म्हणाले.

मास्तर माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही.

"का?"

मी सांगायला लागले. रंजनाची बाजू, ठेकेदाराची ताकद, लढ्यात काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ठरवावं लागतं, असं बरंच. पत्रकातलीच वाक्यं होती ती, आणि मला स्वतःला ती ऐकू येत होती.

"ठेकेदारसुद्धा हजेरीतलं नको ते पान काढतो," मास्तर म्हणाले. "त्यालाही विचार. त्याचंही कारण चांगलंच असेल." आणि मुलाला रागवावं तसं नाही, अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "पान आहे की जाळलंस?"

पान होतं. कागद मला टाकवत नाही.

पुढच्या तारखेला मी ते सुटं पान घेऊन गेले. ठेकेदाराचा माणूस हसला. "काल रात्री लिहिलं असेल, साहेब. वहीत नाही, बाहेरून आलेलं पान."

"वहीतून कुणी काढलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी."

"तर तसा जबाब लिहून द्या. पूर्ण नावासकट. नाहीतर हे पान मी घेऊ शकत नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात मास्तरांच्या चपला ऐकू येत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी लिहिलं. रंजनाच्या वहीतलं हे पान, त्याच्या जोडपानासकट, मी तिला न विचारता फाडलं. तिच्या विरुद्ध जाईल या भीतीने. आणि ते इतके दिवस माझ्याकडे होतं. खाली सही केली. आयुष्यात एवढं कमी आणि एवढं सावकाश मी काही लिहिलं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाने ते वाचून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आता तुमचं पत्रक कोण खरं मानणार हो?"

अधिकाऱ्यांनी पान आणि जबाब एकत्र टाचले आणि फाइल बंद केली. जयू माझ्याशेजारी बसली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मना आधीच सांगितलं असतंस तर मी रागावली असती. पन ऐकला असता." तेवढंच बोलली. पायऱ्या उतरताना ती माझ्या पुढे होती.

जयूचा निकाल अजून लागलेला नाही. सुपरवायझरला बोलावलंय; तो एका तारखेला आला नाही, एका तारखेला आजारी होता. मधल्या काळात मी पत्रक काढलं. बाबा असते तर त्यांनी पहिला परिच्छेद खोडला असता, कारण त्यात मी पान फाडल्याचं लिहिलंय. जयूचं काम, सुपरवायझरला काय ठाऊक होतं, बदलीवर कोण जगतं आणि सापडल्यावर कोण मरतं, हे सगळं त्याच्यानंतर येतं. पहिला परिच्छेद वगळून बाकीचं छापावं, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

सकाळी शिफ्टच्या वेळी काल्हेरला गेटबाहेर ते वाटायला उभी राहिले. ट्रकांची रांग लागली होती. बायका शेअर रिक्षांतून उतरत होत्या, कागद घेत होत्या, चालता चालता वाचत होत्या. एक-दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि ते पाहणं चांगलं नव्हतं. मास्तर कधी आले मला कळलं नाही. वर्ग सोडून ते असे पहिल्यांदाच आले होते. त्यांनी एक पत्रक घेतलं, उभ्याने पूर्ण वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"पलीकडच्या गेटला कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातला अर्धा उचलला, हॉर्न त्यांना ऐकू येत नाहीत म्हणून एका ट्रकवाल्याला हातानेच थांबवलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गेटकडे निघाले.